अ‍ॅव्हरेजपेक्षा मोठे आकडे आधी बघा, भाऊ

या वेळचं पत्र धरमपेठेतून आलंय. ते थोडक्यात आधी देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावर बोलून राहिलो ते. हायब्रीड म्हणजे पेट्रोल इंजिनसोबत बॅटरीवरची मोटर असलेली गाडी, तिची बॅटरी चालता-चालता गाडीच भरते, एवढं ध्यानात ठेवा.

"ताई नमस्कार. बुटीबोरीला माझं छोटं युनिट आहे, आठवड्यातून पाच दिवस जाणं-येणं, रोजचे ६० किमी. मुलगी मुंबईला असते, दोन महिन्यांतून एकदा समृद्धीनं जातो, सोबत बाबा असतात, वय ८१, पाठीचं दुखणं आहे, मागच्या सीटवर बसतात. सध्याची डिझेल सेडान १० वर्षांची झाली. आता टोयोटा कॅमरी हायब्रीड घ्यायचं मनात आहे, जाहिरातीत २५ च्या वर अ‍ॅव्हरेज सांगून राहिले. खरंच मिळतं का? नागपूरच्या उन्हात बॅटरी टिकते का? बायको म्हणते एवढ्या पैशात इलेक्ट्रिक काऊन नाही, शेजारचे म्हणतात जुनी जर्मन डिझेल घे, अर्ध्या किमतीत येते. महिन्याचा खर्च किती पडेल ते नीट सांगा, माझं डोकं चालून नाही राहिलं."

भाऊ, नमस्कार. तुमचं पत्र वाचलं आणि पहिले हेच वाटलं की तुम्ही प्रश्न अ‍ॅव्हरेजचा विचारला पण तुमच्या खिशातून जो पैसा जाणार आहे त्यातला पेट्रोलचा हिस्सा फार लहान आहे, आणि तो लहान आहे हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही कारण त्यांना २५ चा आकडा दाखवणं सोपं पडतं. पण आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते.

नाही, २५ मिळणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जी नवीन कॅमरी आली तिचा कागदावरचा आकडा लिटरला २५.४९ किमी आहे आणि तो खोटा नाही, फक्त तो टेस्टमधला आहे. ती टेस्ट रोलरवर होते, एसी बंद असतो आणि स्पीड ९० च्या वर जात नाही. आता तुम्हीच सांगा, एप्रिल ते जून आपल्या गावात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतं? २३ मे २०१३ ला तर इथे ४७.९ डिग्री नोंदलं गेलं होतं.

माझ्याकडे स्वतःची २०१९ ची हायब्रीड कॅमरी आहे, सेकंडहँड घेतली होती २०२२ मध्ये, आणि डॅशबोर्डच्या खणात एक निळी वही ठेवली आहे. प्रत्येक वेळी टाकी फुल करते, ऑटो कटला थांबवते, पंपावरच्या पोराला वरून अजून पेट्रोल मारायला सांगत नाही, आणि किमी भागिले लिटर लिहिते. स्क्रीनवरचा आकडा मी धरत नाही कारण माझ्या गाडीत तो वहीपेक्षा नेहमी एखादा किमी जास्त दाखवतो. तर वही काय सांगते बघा. डिसेंबर-जानेवारीत गावात आणि वर्धा रोडला मिळून १८ ते १९. मे महिन्यात तेच १५ वर येतं. समृद्धीवर १२० ला लावून ठेवलं तर साडेपंधरा, १०० ला ठेवलं तर साडेअठरा. नवीन मॉडेलची बॅटरी लिथियम आयनची आहे आणि यंत्रणा सुधारलेली आहे, तर तुम्ही एक-दीड किमी जास्त धरा. तुमचा रोजचा रस्ता मला माहीत आहे, धरमपेठ ते रहाटे कॉलनी सिग्नल-सिग्नल आणि मग खापरी, जामठा करत बुटीबोरीपर्यंत ७०-८० चा सरळ रस्ता, हा हायब्रीडला आवडणारा रस्ता आहे. तिथे वर्षाचं सरासरी १९ धरू, समृद्धीवर १७. वर्षाचं एकूण रनिंग रोजचे १४,४०० आणि मुंबईच्या सहा फेऱ्यांचे ९,६०० असं २४ हजार किमी. सरासरी १८ पडलं.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा तशीच कमी. त्यामुळे "माझ्या काकांच्या गाडीनं २०१९ मध्ये अमुक अ‍ॅव्हरेज दिलं होतं" हे आता कोणत्याच गाडीला लागू पडत नाही.

आता पैसे. पेट्रोल हिशोबाला १०४ धरते. २४ हजार भागिले १८ म्हणजे १,३३३ लिटर, म्हणजे वर्षाला १ लाख ३९ हजार, महिन्याचे साडेअकरा हजार. जाहिरातीतले २५.४९ खरंच मिळाले असते तर ९८ हजार झाले असते, म्हणजे जाहिरात आणि खऱ्यातला फरक वर्षाला ४१ हजारांचा. याच वजनाची साधी पेट्रोल लक्झरी सेडान असेल आणि ती ११ देत असेल तर २ लाख २७ हजार. आणि शेजारच्यांची डिझेल १५ देईल असं धरलं, डिझेल ९१, तर १ लाख ४६ हजार. बघा, डिझेल आणि हायब्रीडमध्ये वर्षाचा फरक फक्त सात हजारांचा आहे. सात हजारांसाठी कोणी ५० लाखांचा निर्णय घेऊ नये, इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही.

मग पैसा जातो कुठे? सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला, मोठ्या गाड्यांना सरळ ४० टक्के झाला. आधी मोठ्या हायब्रीडला सेस, म्हणजे वरचा जादा कर, धरून ४३ पडायचा आणि साध्या मोठ्या पेट्रोल सेडानला ४८, म्हणजे हायब्रीडला जी पाच टक्क्यांची सवलत होती ती आता राहिली नाही, दोघांनाही ४०. गाडी एक्स-शोरूम साडेसत्तेचाळीस लाखांच्या घरात धरू. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १३ टक्के, म्हणजे ६ लाख १७ हजार, आणि हायब्रीड आहे म्हणून आपल्याकडे त्यात सूट नाही. उत्तर प्रदेशानं २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडला, म्हणजे थोडं अंतर नुसत्या मोटरवरही चालणाऱ्या कॅमरीसारख्या गाड्यांना, दिली होती, ते वाचून काही लोक इथे आरटीओत विचारत फिरतात. युनिटच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर आधी सीएला विचारा, कंपनीच्या नावावरच्या गाडीला आपल्या राज्यात टॅक्सचा दर याहून जास्त लागतो. वरून १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणारा सरकारसाठी आपल्याकडून आधीच घेतो तो टॅक्स, तो इन्कम टॅक्समध्ये वळता होतो पण आज खिशातून द्यावाच लागतो. पहिल्या वर्षाचा इन्शुरन्स दीड-पावणेदोन लाख. सगळं मिळून गाडी घरी येईपर्यंत साडेपंचावन्न-छप्पन्न लाख.

आठ वर्षांनी ही गाडी १५ लाखांना गेली असं मी धरते, त्याहून कमी मिळाले तर हिशोब अजून वाईट. ४० लाख भागिले आठ, वर्षाला ५ लाख नुसती किंमत उतरण्यात जातात. किमीला जवळजवळ २१ रुपये. पेट्रोल किमीला ५ रुपये ७८ पैसे. इन्शुरन्स सरासरी वर्षाला लाख धरा, ४ रुपये. टायर आणि सर्व्हिसिंग मिळून ३ रुपयांच्या आसपास. सगळं जोडलं तर ३४ रुपये किमी, त्यात पेट्रोल सहावा हिस्सा! बँकेचं व्याज मी धरलंच नाहीये, लोन घेणार असाल तर ते वेगळं. तुम्ही महिन्याचा खर्च विचारला होता ना, तर तो ६८ हजारांच्या जवळपास पडतो, आणि त्यात पंपावर जाणारे फक्त साडेअकरा हजार.

म्हणून माझं म्हणणं असं आहे भाऊ, की नवीन घेऊ नका. वापरलेली घ्या, पण कोणतीही नाही, आणि इथे मी जरा थांबून लिहिते कारण माझ्या ओळखीतले दोन जण इथेच फसले.

जुन्या कॅमरीचं मॉडेल जानेवारी २०१९ मध्ये आलं आणि त्याच गाडीचं थोडं बदललेलं रूप जानेवारी २०२२ मध्ये. दोन्हीत इंजिन अडीच लिटरचं, दोन्हीत बॅटरी निकेल मेटल हायड्राइडची, बसायला दोन्ही सारख्याच आरामाच्या. पण बॅटरीची वॉरंटी सारखी नाही. ऑगस्ट २०२१ पासून कंपनीनं हायब्रीड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किमी केली, त्याआधी ती ३ वर्षे किंवा १ लाख किमी होती. डीलर लोक सरसकट "ताई, आठ वर्षांची आहे" म्हणतात. तुम्ही आरसीवरची तारीख बघा आणि वॉरंटीचं पुस्तक मागा. २०२२ ची गाडी ४५ हजार किमी चाललेली मिळाली तर तुमच्या २४ हजारांच्या रनिंगनं १ लाख ६० हजार व्हायला पावणेपाच वर्षं लागतील, पण २०३० मध्ये आठ वर्षंही पूर्ण होतात, दोघांपैकी जे आधी होईल तोपर्यंत बॅटरीची काळजी कंपनीची.

भाव ३० लाख धरू, आणि सहा वर्षं वापरून १३ लाखांना विकली. १७ लाख भागिले सहा, वर्षाला २ लाख ८३ हजार. नवीनच्या ५ लाखांपेक्षा २ लाख १७ हजार कमी. तुमचं अख्ख्या वर्षाचं पेट्रोल, समृद्धीचा टोल आणि वर सर्व्हिसिंग एवढ्यात निघून जातं. नवीन गाडीचं अ‍ॅव्हरेज दीड किमी जास्त असलं तरी तो फरक वर्षाला तेरा हजारांच्या पुढे जात नाही.

आता ती गाडी तपासायची कशी. आणि याच्यात नागपूरच्या गाडीला एक खास तपासणी आहे. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र तुम्ही धरमपेठेत राहता म्हणजे विसरलेच नसाल, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये घुसलं, खालच्या पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. २०२२ ची हायब्रीड म्हणजे त्या रात्री ती गाडी कुठेतरी उभी होतीच, आणि या मॉडेलमध्ये मोठी बॅटरी मागच्या सीटच्या खाली असते, म्हणजे पाणी आलं की सगळ्यात पहिले तिच्यापर्यंत जाणार. तर सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का बघा, लोक गाडी धुतात पण गुंडाळलेला पट्टा कोणी धूत नाही. सीटच्या खालच्या रुळांवर गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या कप्प्याचं झाकण उचलून तिथली माती, आणि दारं बंद करून दहा मिनिटं उन्हात ठेवल्यावर येणारा कुबट वास. इन्शुरन्सच्या क्लेमचा इतिहास मागा, नाही म्हटलं तर तिथून उठा.

त्यानंतर अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन हायब्रीड सिस्टीमची कॉम्प्युटरवरची तपासणी करून घ्या, त्याचा रिपोर्ट मिळतो, दोन-पाच हजार गेले तरी चालतील. आणि मॅन्युअलमध्ये नाहीतर टाकीच्या झाकणावर ई२० चं, म्हणजे त्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं, काय लिहिलंय ते बघून घ्या.

तुमचा उन्हाचा प्रश्न. टिकते, बॅटरी टिकते, पण तिला श्वास घ्यायला जागा पाहिजे. माझ्यासोबत काय झालं ते सांगते. मे २०२४, दुपारी अडीचची वेळ, मी बर्डीवरून परत येत होते आणि मागून हेअर ड्रायरसारखा आवाज यायला लागला, बंदच होईना, आणि अ‍ॅव्हरेज त्या आठवड्यात १३ वर आलं होतं. एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसानं गाडी उघडूनही बघितली नाही, सांगितलं बॅटरी गेली, बदलावी लागेल, आणि लाखांतला आकडा कागदावर लिहून दिला. माझी २०१९ ची, वॉरंटी कधीच संपलेली. त्या रात्री मला झोप आली नाही हे खरं सांगते. दुसऱ्या दिवशी भावाच्या ओळखीच्या एका मेकॅनिककडे गेले. त्यानं काहीच न बोलता मागचं दार उघडलं, सीटच्या खाली बाजूला जी छोटी जाळी असते ती बोटांनी ओढून काढली, आणि आतलं फिल्टर माझ्या हातात दिलं. राखाडी रंगाचा जाड थर, गोधडीच्या आतल्या कापसासारखा, धूळ, कापडाचे तंतू, बिस्किटाचा चुरा, माझ्या पुतण्याच्या रंगाच्या खडूचा एक तुकडा. त्यातून हवा जाणंच शक्य नव्हतं. बॅटरीला थंड ठेवायला एक पंखा असतो, तो गाडीच्या आतली थंड हवा त्या जाळीतून ओढतो, जाळी चोंदली की पंखा जोरात फिरतो आणि तरी बॅटरी गरमच, मग गाडीचा कॉम्प्युटर बॅटरीचा वापर कमी करतो आणि इंजिन जास्त चालवतो, म्हणून अ‍ॅव्हरेज पडलं. त्यानं फिल्टर झटकलं, हवा मारली, पंख्यावरची धूळ ब्रशनं काढली, अर्ध्या तासात काम संपलं आणि माझ्याकडून तीनशे रुपये घेतले. तो आवाज पुन्हा आला नाही, दोन टाक्यांत वही परत १५ वर आली.

त्यामुळे हे लक्षात ठेवाच. दर सर्व्हिसिंगला ते फिल्टर काढून साफ करायला सांगा आणि समोर उभे राहून बघा, उन्हाळ्याच्या आधी मार्चमध्ये एकदा नक्की. आणि तुमचे बाबा मागे बसतात, पाठीला उशी असेल, शाल असेल, पाण्याची बाटली, औषधाची पिशवी असेल, ती त्या जाळीसमोर ठेवू देऊ नका. गाडी घेतल्याबरोबर बाबांना ती जाळी दाखवून द्या, ते सांभाळतील. गाडी बाहेर उन्हात उभी असेल तर बसल्यावर आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी, कारण गाडीतली हवा जेवढी लवकर थंड होईल तेवढी बॅटरीही.

बाकी ही बॅटरी मोबाईलसारखी शंभर टक्के भरून शून्यावर येत नाही, कॉम्प्युटर तिला मधल्याच पट्ट्यात ठेवतो, म्हणून ती वर्षानुवर्षं चालते. आणि एक छोटी बारा व्होल्टची साधी बॅटरी वेगळी असते, गाडी तीन-चार आठवडे नुसती उभी राहिली तर ती उतरते आणि मग लोकांना वाटतं मोठी बॅटरी मेली. मुंबईला विमानानं जाऊन महिनाभर राहणार असाल तर घरच्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करायला सांगा.

मेंटेनन्स खरंच कमी आहे, ही गोष्ट हायब्रीडवाले खरी सांगतात. या गाडीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, त्यांचा पट्टा नाही, ही सगळी कामं दोन मोटर करतात. ब्रेक पॅड खूप टिकतात कारण हळू ब्रेक दाबला की आधी मोटरच गाडी थांबवते आणि तीच वीज बॅटरीत जाते. माझे पहिले पॅड ८० हजारांच्या पुढे बदलले. इन्व्हर्टरला, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या यंत्राला, थंड ठेवणारं कूलंट मात्र वेगळं असतं, इंजिनच्या कूलंटसोबत तेही बघायला सांगा, ते विसरलं जातं.

चालवण्याची एक सवय मात्र तुम्हाला सोडावी लागेल. आपल्याकडे सिग्नल मोठे, ९० सेकंद, १२० सेकंद, आणि डिझेलवाले सगळे आपण न्यूट्रल टाकून पाय मोकळा करतो. या गाडीत न्यूट्रल टाकलं की बॅटरी चार्ज होत नाही, आणि एसीचा कॉम्प्रेसर तर याच बॅटरीवर चालत असतो. डी मध्येच ठेवा आणि ब्रेकवर पाय ठेवा. उन्हाळ्यात सिग्नलला उभं असताना इंजिन मधूनच आपोआप सुरू होईल, घाबरू नका, एसीनं बॅटरी उतरवली म्हणून ते भरायला उठतं. आणि ब्रेक दुरूनच हलका लावा, शेवटी जोरात दाबला की ती वीज ब्रेक पॅडमध्ये जळून जाते.

समृद्धीचं सांगते. नागपूरच्या बाजूचं शिवमडका ते मुंबईच्या बाजूचं आमने, ७०१ किमी, जून २०२५ पासून पूर्ण सुरू. १२० च्या स्पीडनं माझ्या वहीच्या हिशोबानं ४५ लिटर लागतात, १०० नं ३८. फरक साधारण साडेसातशे रुपयांचा आणि वेळेचा सव्वा तासाचा. लोक म्हणतात हायब्रीड हायवेवर पण तेवढंच देते, असं नाही, हवेचा रेटा स्पीडच्या वर्गानं वाढतो आणि सिग्नल नाहीत म्हणून ब्रेकमधून वीज परत मिळतच नाही, तिथे तुमच्या गाडीला मुख्यतः इंजिनच ओढत असतं. तरी १०० ला मी पैशासाठी सांगत नाहीये. काँक्रीटचा रस्ता, मे ची दुपार, ८१ वर्षांचे बाबा मागे, टायर किती तापतात ते कुठल्याही थांब्यावर उतरून हात लावून बघा. निघायच्या दिवशी सकाळी गार टायरमध्ये हवा तपासा, टायर चार-पाच वर्षांचे झाले असतील तर खाचा कितीही दिसोत, समृद्धीला नेऊ नका. टाकी ५० लिटरची आहे, १२० नं गेलात तर एका टाकीत मुंबई गाठायचा हट्ट करू नका. आणि टोल २०२५ च्या दरानं किमीला २ रुपये ६ पैसे, एका बाजूचे १,४४५ च्या आसपास, वर्षाचे सतरा हजार तीनशेच्या आसपास. २०२५ मध्ये तीन हजारांचा जो फास्टॅगचा वार्षिक पास निघाला तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, समृद्धीला चालत नाही, त्या आशेवर घेऊ नका.

वहिनींचं म्हणणं मात्र चुकीचं नाही. इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के, महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ, आणि २०२५ च्या राज्याच्या धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी लिहिलेली आहे. घरी स्वतःचं पार्किंग आणि चार्जर लावायची सोय असेल आणि तुमचं रनिंग फक्त बुटीबोरीचं असतं तर मीच तुम्हाला इलेक्ट्रिक घ्या म्हटलं असतं. माझी अडचण बाबांची आहे. पाठदुखीच्या माणसाला घेऊन ८०० किमी जाताना चार्जिंगला रांग लागली, मशीन बंद निघाली, तर त्यांना उन्हात कुठे बसवणार? थांबायचं तेव्हा बाबांना बरं वाटेल त्या जागी थांबता आलं पाहिजे, गाडीला पाहिजे त्या जागी नाही. मुंबईला तुम्ही विमानानं किंवा रेल्वेनं जायला तयार असाल तर वहिनींचं ऐका, खर्च नक्की कमी होईल.

जर्मन डिझेलला मी सरळ नाही म्हणते. आठ-दहा वर्षं जुनी स्वस्त दिसते पण धूर गाळणारं जे फिल्टर असतं ते गावातल्या हळू चालवण्यानं चोंदतं, गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन, एकेक पार्ट लाखाच्या घरात आणि कधी पुण्या-मुंबईहून यायची वाट बघत पंधरा दिवस गाडी उभी. हो, आणि तुमची आताची डिझेल १० वर्षांची झाली म्हणून बंद होणार असं कोणी सांगत असेल तर तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा आहे, आपल्याकडे १५ वर्षांनी फिटनेस आणि रजिस्ट्रेशन नव्यानं करायचं असतं. तर घाईनं विकायची काही गरज नाही, चांगली २०२२ ची मिळेपर्यंत चार महिने तीच चालवा.

इन्शुरन्स घेताना इंजिन प्रोटेक्शन आणि हायब्रीड बॅटरीचं कव्हर असं दोन्ही मागून घ्या, साध्या झिरो डेपमध्ये, म्हणजे पार्टची घट न कापता क्लेम देणाऱ्या पॉलिसीत, पाण्यात गेलेल्या बॅटरीचं मिळेलच असं नाही. तुमचं पार्किंग तळघरात असेल तर हे टाळूच नका. आणि देव न करो पण पाणी आलंच तर गाडी चालू करायचं बटण दाबायचं नाही, मोठ्या बॅटरीच्या केशरी रंगाच्या वायरींना हात लावायचा नाही, टो करून न्यायची.

शेवटचं काम बाबांसोबत करा. गाडी पसंत पडली की मालकाला किंवा डीलरला म्हणा की दुपारी दोनला उन्हात उभी असलेली गाडी पाहिजे, एसीतली नको. बाबांना मागे बसवा, त्यांची उशी सोबत न्या, वर्धा रोडला जामठ्यापर्यंत जा आणि परत या. चढता-उतरता त्यांना किती वाकावं लागतं ते बघा, सेडान खाली असते आणि पाठीच्या माणसाला तिथेच त्रास होतो. परत आल्यावर एसी चालू ठेवून पाच मिनिटं उभे राहा आणि मागून पंख्याचा आवाज किती येतो ते कान देऊन ऐका. हे झालं की मला कळवा, आरसीची तारीख आणि किमी पण लिहा, आकडे मांडून देते.